पितळेचं कडं

अण्णांच्या डाव्या तळहातावर घट्टा होता, उजव्यावर नव्हता. सगळ्यांच्याच वडिलांचा एक हात असा खरखरीत असतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. अण्णा एसटीत चालक होते, वाई डेपोला. तो घट्टा गिअरच्या दांड्याचा होता.

मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या दिवशी ते मला महाबळेश्वरच्या फेरीला सोबत नेत. चालकाच्या डावीकडे इंजिनाचं बॉनेट असायचं, त्यावर घोंगडीची घडी टाकली की झाली माझी जागा. खालून चटके बसायचे, पण समोरच्या काचेत अख्खा पसरणीचा घाट मावायचा. मी मात्र घाट कमी आणि दांडा जास्त बघायची. वर काळा गोळा, आणि गाडी उभी असली तरी हुडहुडी भरल्यासारखी त्याची थरथर. वळण आलं की अण्णा क्लच दाबत, दांडा मधे आणत, क्लच सोडत, ॲक्सिलरेटरला पायाने हलकी टिचकी देत. इंजिन एकदा गुरगुरायचं. मग पुन्हा क्लच, आणि दांडा खालच्या गिअरमध्ये अलगद बसायचा.

"एका गिअरला दोनदा क्लच कशाला?" मी एकदा विचारलं.

"आतली चाकं येगयेगळ्या चालीनं फिरत्यात. चाल जुळल्याबिगर गाठ घालायची न्हाई. घातलीस तर दात पडत्यात."

पुढे इंजिनिअरिंगला हेच समजून घ्यायला एक अख्खं प्रकरण वाचावं लागलं. त्यात नवीन एवढंच होतं, की ही चाल जुळवायचं काम माणसाकडून काढून यंत्राला देण्याची सोय कॅडिलॅकने १९२८ मध्येच आपल्या मोटारींत आणली होती. तिचं नाव सिंक्रोमेश. अण्णांच्या सुरुवातीच्या गाड्यांपर्यंत ती पोचलेली नव्हती.

मधल्या काळात माझ्याही डाव्या हाताला गिअर आले. घरच्या बजाज चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत होते. क्लच दाबून मूठ पिळायची. पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रीमियर पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगखाली आडवा बसवलेला, छत्री धरल्यासारखा धरायचा. नोकरीने इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ आणून ठेवलं, तेव्हाही हात बदलावा लागला नाही. इथेही वाहतूक डावीकडून, त्यामुळे दांडा डाव्याच हाताला. अमेरिकेला गेले असते तर उजव्या हाताला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं.

चाळिशी ओलांडल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. १९९२ ची माझदा एमएक्स-५, लाल, दोनच माणसांची, टप उघडणारी. हिची जन्मकथा मजेशीर आहे. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटो यांच्याकडे विषय काढला: इंग्रजांच्या त्या हलक्या, उघड्या, स्वस्त गाड्या संपत चालल्या आहेत, तुम्ही एखादी का बनवत नाही? दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी उभी राहिली. १९६२ ची लोटस इलान डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी ती केली होती. इंग्रजांची हौस त्यांनी इंग्रजांनाच परत विकली, आणि ती बिचारी पावसात सुरूही व्हायची. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या.

वजन एक टनाहून कमी. ताकद फार नाही, पण ओझंच नसल्यामुळे ती पुरते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक शब्द तिच्या कर्त्यांनी घोकला होता: जिन्बा इत्ताई. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब कैची त्यांनी घातली, म्हणजे पाय दाबला की मधे काही पिळवटत नाही, ओढ सरळ मागच्या चाकांना जाते. आणि गिअरचा दांडा म्हणजे तर बोटभर. या गिअरमधून त्या गिअरमध्ये जायला जेमतेम पाच सेंटिमीटर हलतो. मनगटाचं काम, खांद्याचं नाही.

अण्णा-आई एकदा इकडे आले होते. अण्णा मोठ्या कष्टाने त्या गाडीत उतरले. चढले म्हणता येणार नाही. "ही गाडी हाय का वहाण?" असं म्हणाले. मग इंजिन बंद असतानाच क्लच दाबून त्यांनी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकून पाहिले, दोनदा. तळहात उलटा करून घट्ट्याकडे बघत म्हणाले, "ह्यानं असलं काय पडायचं न्हाई."

दुसरा गिअर थंडीत कुरकुरायचा, पण तो या गाड्यांचा स्वभावच. गेल्या हिवाळ्यात तिसरा गिअर टाकताना पहिल्यांदा खर्रकन आवाज आला. नंतर रोज. मी काही न ठरवता क्लच दाबला, मधे सोडला, पायाने टिचकी दिली, पुन्हा दाबला. गिअर मुकाट्याने बसला. डिसेंबर ते मार्च मी ती गाडी एसटीसारखी चालवली. बोटभर दांड्याला पसरणीच्या घाटाचे संस्कार. पण पुढे बेअरिंगही घोंगावायला लागलं. आतलं सगळं नवं करून घेण्यापेक्षा मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स स्वस्त पडत होता. तो आणला, एका मैत्रिणीचं गॅरेज मागितलं आणि दोन शनिवार-रविवार बाजूला ठेवले.

वाईला व्हिडिओ कॉल लावून फोन टायरला टेकवून ठेवला. अण्णांचं वय आता सत्याहत्तर. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सूचना सुरू केल्या.

आधी आतून गिअरचा दांडा काढला. खालचं रबर फाटलं होतं. मग चार मजबूत स्टँडवर गाडी, मी पाठीवर. सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट, ती ॲल्युमिनियमची कैची, क्लचचा छोटा सिलिंडर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने प्रत्येक बोल्ट गंजून चिकटलेला. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे वरचे बोल्ट डोळ्यांना दिसत नाहीत. लांब एक्स्टेन्शन लावून, नुसत्या हाताच्या अंदाजाने पाना बसवायचा. सगळ्यात वरच्याने दीड तास घेतला. अण्णा तिकडून म्हणाले, "जोर लावू नगं. तेल सोड, च्या पिऊन ये." चहा पिऊन आले, सुटला.

नव्या गिअरबॉक्सचं तेल बदलताना मी खालचं बूच सोडायला पाना लावला, तर फोनमधून ओरड आली. "आदी वरचं सोड!" बरोबर होतं. तेल भरायचं बूच गंजून अडकलं असेल आणि खालचं आधी उघडलं, तर गिअरबॉक्स रिकामा करून बसायचं आणि भरायला वाट नाही. काढण्याआधी भरण्याची सोय बघावी, हे मला घरखर्चातही कधी नीट जमलेलं नाही.

क्लचची तबकडी बरोबर मधोमध बसवून गिअरबॉक्स जॅकवर वर चढवला. शेवटचं बोटभर अंतर तो जाईना. मागून किंचित उचलला, शाफ्ट केसभर फिरवला, आणि ठक्. तेल दोन लिटर. दांड्याच्या खोबणीत वेगळं थोडंसं. ते बरेच जण विसरतात. रविवारी संध्याकाळी तिसरा गिअर टाकला. आवाज नाही. इतका नाही, की मीच थोडी हिरमुसले.

जुना गिअरबॉक्स नंतर निवांत उघडला. पोलादी चाकांमध्ये, प्रत्येक गिअरपाशी एक पिवळं कडं असतं. बाहेरच्या कडेला बारीक दाते, आतून उतरता आकार आणि त्यावर केसासारख्या चिरा. गिअर टाकला की हे कडं फिरत्या चाकाच्या सुळक्यावर दाबलं जातं, चिरा तेलाचा थर कापतात, कडं घासतं आणि दोघांची चाल एक होते. तोवर बाहेरचे दाते वाट अडवून धरतात. कडं पोलादापेक्षा मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झिजायचं ते त्यानेच. तिसऱ्या गिअरच्या कड्याच्या चिरा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या. चाकांचे दात मात्र जवळजवळ शाबूत.

मी ते कडं फोनसमोर धरलं, काम सांगितलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी जल्मभर मी पायानं केलं ते ह्ये करतंय."

"हो."

"आन शेवटाला पितळ उघडं पडलं." स्वतःच्याच विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले.

आता एसटीतही गिअर उरणार नाहीत. १९४८ साली १ जूनला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर शिवाई ही इलेक्ट्रिक बस धावली. तिच्या चालकाला गिअर बदलायचेच नसतात. त्याच्या मुलीला वडिलांचे दोन्ही हात सारखेच लागतील. अण्णांना याचं दुःख नाही. "बरंय की," म्हणतात, "गुडघं ऱ्हात्याल."

दिवाळीला वाईला गेले तेव्हा ते कडं अण्णांसाठी नेलं. त्यांनी बोट फिरवून आतला गुळगुळीतपणा पाहिला आणि टीव्हीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. आईने चिंच लावून घासलं होतं, सोन्यासारखं पिवळं केलं होतं. देवापाशी तेलाची एक जुनी लोटी आहे, बुडाला गोल, कायम कलंडणारी. तिच्याखाली ते बरोबर बसलं आहे. लोटी आता डुगडुगत नाही.