बिदरीचा काळा रंग आणि आमचा कॅमेरा

आमच्या बिदर-कलबुर्गी भागातील मराठी घरांत छायाचित्राला नेहमीच वजन राहिले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. त्यामुळे मामा भालकीला तर मावशी उदगीरला, अशी स्थिती घरोघरी झाली. लग्नाला ज्याला येता आले नाही, त्याला पाकिटातून फोटो जात असे. आता तो भ्रमणध्वनीवरून जातो, इतकाच फरक. फोटो पाहणारी माणसे तीच आहेत आणि 'आईची तब्येत कशी दिसते' हे ती अजूनही फोटोवरूनच ठरवितात.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी आमच्या मातोश्रींचा एक फोटो नव्या भ्रमणध्वनीवर काढला. मातोश्रींचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, अंगावर गडद इरकली लुगडे. त्या यंत्राने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या, वर्ण उजळला आणि त्या उजळण्यात हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीसे केले. मातोश्रींनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, "ही कोण रे बाई?" चेहरा सुंदर करण्याची ती सोय यंत्रात बंद करता येते, हे सूनबाईंनी शोधून काढले. तथापि घरात एक खराखुरा कॅमेरा असावा, हा विचार त्या दिवशी पक्का झाला.

याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. बिदरी काम हा त्याचा पिढीजात धंदा. अलीकडे तो इंटरनेटवर फोटो टाकून परगावच्या गिऱ्हाइकांना माल विकू लागला आहे. एका गिऱ्हाइकाने त्याच्या सुरईचा फोटो पाहून कळविले होते की, ही वस्तू राखाडी दिसते, त्या अर्थी ॲल्युमिनियमवर रंग दिलेला असावा. निम्म्या किमतीत देत असाल तर पाहू. "सर, माल असली है, फोटू झूठा है," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तीन आठवड्यांच्या मेहनतीचे मोल त्या एका राखाडी छटेने निम्म्यावर आणले होते.

बिदरीचा सारा जीव तिच्या काळ्या रंगात आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून (साधारण सोळास एक) ओतीव भांडे करतात, त्यावर छिन्नीने नक्षी खोदून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. मग किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांच्या गरम द्रावणाचा संस्कार होतो. त्याने जस्ताची भूमी कायमची काळी पडते आणि चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आणि २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. पण दूरच्या गिऱ्हाइकासमोर पदक किंवा नोंदणी नसते, केवळ फोटो असतो.

मग कॅमेरा काळ्याचे राखाडी का करतो? कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचे असावे असे गृहीत धरतो. काळी सुरई चौकट भरून ठेवली की त्याला वाटते, प्रकाश अपुरा आहे. तो जास्त प्रकाश आत घेतो. परिणामी काळे राखाडी होते आणि चांदीची नक्षी पांढऱ्या डागासारखी फुटते. उलट सुरई पांढऱ्या चादरीवर ठेवली तर चित्र अंधारते. भ्रमणध्वनी त्याहून उत्साही! तो बहुधा एकामागून एक अनेक चित्रे टिपून त्यांची मोट बांधतो आणि सावल्या आपणहून उजळतो. मातोश्रींचे इरकली लुगडे धुवून विटल्यासारखे दिसले, त्याचे कारणही हेच होते.

म्हणून कॅमेरा पाहताना आम्ही दुकानदारास पहिला प्रश्न हाच विचारू लागलो की, प्रकाश कमीअधिक करणे आमच्या हाती राहील काय? दुकानदार मात्र मेगापिक्सेलच सांगत. त्यांना आम्ही आमच्या पेशाप्रमाणे गणित घातले. चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापला, तर १२०० गुणिले १८०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. वहीच्या मोठ्या पानाएवढ्या ए-फोर आकारालाही सुमारे ८७ लाख बस्स होतात. मग दोन कोटींचा एवढा गाजावाजा कशाला? १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हा त्यात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेथून येथवर आल्यावर ठिपक्यांचा दुष्काळ संपला आहे.

महत्त्व आहे ते प्रकाश झेलणाऱ्या पटलाच्या आकाराला. स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यात हे पटल साधारण सहा मिलिमीटर रुंद असते. भिंग बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात त्याचे क्षेत्रफळ सुमारे बारापट भरते, आणि घरातील मंद उजेडात हा फरक तत्काळ दिसतो. पण नवा घ्यावा तर पंधरा हजारांच्या आमच्या मर्यादेत बसेना. स्वस्त कॅमेऱ्यांचा बाजारच भ्रमणध्वनीने खाऊन टाकला आहे. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठविले होते, २०२३ मध्ये जेमतेम ७७ लाख.

त्याच बदलाचा आम्हांस लाभ झाला. लग्नाचे फोटो काढणारे व्यावसायिक आता आरशाविना चालणारे नवे कॅमेरे घेत आहेत आणि त्यांची जुनी यंत्रे कपाटात पडून आहेत. कलबुर्गीच्या अशाच एका छायाचित्रकाराकडून २०१६ साली बाजारात आलेला कॅनन १३००डी हा कॅमेरा, १८-५५चे भिंग आणि चार्जर एवढे मिळून साडेतेरा हजारांत मिळाले. घेण्यापूर्वी सूनबाईंनी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पटलावर डाग नाहीत याची खात्री केली, भिंगाला टॉर्च लावून बुरशी पाहिली आणि बॅटरी फुगलेली नाही ना हे तपासले. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने एवढे अवश्य पाहावे. यातून फोटो बिनतारी भ्रमणध्वनीवर उतरतात, म्हणून विक्रीच्या कामालाही तो सोयीचा. निम्मे पैसे विद्यार्थ्याने दिले, निम्मे आम्ही.

पुढचे काम खिडकीने केले. उत्तरेकडील खिडकीवर जुने धुवट धोतर ताणून बांधले, कारण बिदरीची चांदी आरशासारखी असते आणि पहिल्या फोटोत तिच्यात कारागिराचा चौकड्यांचा सदराच उमटला होता! खाली रंग उडालेली करडी सतरंजी. प्रकाशाचे माप सुरईवरून न घेता त्या सतरंजीवरून घेऊन ते कायम केले. कॅमेरा तिकाटण्यावर, चार-पाच फूट मागे आणि भिंग ५५वर, म्हणजे सुरईचे पोट फुगीर दिसत नाही. हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. शेजारी एक रुपयाचे नाणे, आकार कळण्यासाठी. फोटो उमटला तेव्हा भूमी काजळासारखी काळी होती आणि चांदीची एकेक पाकळी सुटी दिसत होती. विद्यार्थ्याने सुरई उचलून पडद्याशेजारी धरली, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि काही न बोलता दुसरी वस्तू मांडली. ती सुरई पुढे ठरल्या किमतीला गेली.

ज्यांना कॅमेरा घेणे शक्य नाही, त्यांनी निराश होऊ नये. पुष्कळ भ्रमणध्वनींत पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून ते खाली ओढले की प्रकाश कमी करता येतो. धोतर आणि खिडकी तर फुकटच आहे. आमच्या सूनबाईंचे मत असे की, निम्मे काम तेवढ्यानेच होते.

त्याच खिडकीशी मातोश्रींनाही बसविले. या वेळी लुगडे काळसर जांभळे आले, सुरकुत्या आल्या, गोंदणाचे तिन्ही ठिपके आले. उदगीरच्या मावशींनी तो फोटो पाहून कळविले, "अक्का लई वाळली, तिला दूध देता का नाही?" त्या बारा वर्षांत भेटलेल्या नाहीत.

आता प्रश्न आहे तो दिवाळीचा. विद्यार्थ्याच्या मागण्या दसऱ्यापासून वाढतात आणि आमच्याकडे लेकीजावई, नातवंडे त्याच दिवसांत येतात. तूर्त असे ठरले आहे की, कॅमेरा दसऱ्यापासून त्याच्याकडे राहील. पाडवा आणि भाऊबीज हे दिवस आमचे. चार्जर मात्र एकच आहे, तो कोणाकडे असावा यावर अजून एकमत झालेले नाही.