नाव घरी जाऊन लिहा

त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आम्हा दहा लाखांवर आशा सेविकांचा गौरव केला, मग आमच्या तालुक्यालाही आमची आठवण झाली. शाल, गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र. मला दोन मिनिटं बोलायचं होतं, विषय कृतज्ञता. गटप्रवर्तक ताई आधीच कानात सांगून गेल्या, "चांगलंच बोल गं. मोबदल्याचं काढू नकोस, साहेब बसलेत."

नाही काढलं. आत्यांबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल बोलले. रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या केसला निघाले की "जा तू, पोरांचं मी बघते," एवढंच म्हणतात. कोरोनात मी घरोघर सर्वेक्षण करत फिरायचे म्हणून वाडीतल्या बायका आमच्या ओट्याकडे फिरकेनात, तेव्हा याच माझं अंघोळीचं पाणी तापवून बाहेर ठेवायच्या. आमचे हे एरवी चहाची कपबशी उचलत नाहीत, पण अंधारात मला गाडीवरून सोडायला येतात. कामाचंही सांगितलं. दवाखान्यातून आलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा वेळा भेटायचं असतं. पहिल्या भेटीत काट्याच्या झोळीत हलकं लागलेलं पोर शेवटच्या भेटीत हाताला जड लागतं, त्यासारखं सुख नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग प्रमाणपत्र हातात आलं. 'श्रीमती'च्या पुढे नुसती टिंबं. वाटलं, माझंच राहिलं असेल. शेजारणीचं पाहिलं, तिच्या पलीकडचीचं पाहिलं. सगळी कोरी! टेबलावरच्या भाऊंना विचारलं, तर म्हणाले, "नाव घरी जाऊन लिहा ना ताई, वेळ नव्हता." साहेबांचं नाव मात्र खाली पदव्यांसकट छापलेलं. अहो, वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं आम्ही रजिस्टरात भरतो. एक रकाना कोरा राहिला तर बिल परत येतं. बिल तरी केवढं? त्या सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. तेव्हा नाही कुणी म्हणत, वेळ नव्हता, चालेल. नव्या पोरींना मी सांगते, प्रत्येक भेट स्वतःच्या वहीत वेगळी लिहा आणि बिलाची झेरॉक्स काढल्याशिवाय कागद पुढे देऊ नका.

घरी आत्या म्हणाल्या, "छान आहे, भिंतीला लाव." यांनी पेन पुढे केलं. मी नाही लिहिलं.

राग आहे तो याचा, की माइकवर मी बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे काम सोड म्हणालात तर आजही सोडवणार नाही. खोटं बोलले असते तर इतकं लागलं नसतं. साहेबांना माझं ते बोलणं फुकटात मिळालं, वर मोबदल्याचं न बोलण्याची हमीही. त्या महिन्याचा मोबदला दिवाळीच्या तोंडावर जमा झाला. आणि झाला तेव्हा मी बँकेतल्या क्लार्कलाच हसून थँक्यू म्हणून आले.