ऑर्किडला पाणी



रविवारच्या मिस्सापूर्वी वेदीवर फुले मांडायचे काम बरीच वर्षे आम्हा दोघांकडे आहे. त्यामुळे लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने हैदराबादहून ऑर्किडची कुंडी पाठवली, तेव्हा एका रोपाचे काय मोठेसे, असेच वाटले. आम्ही ते लाल मातीत शेणखत घालून लावले आणि रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर तांब्याभर पाणी घालू लागलो. दोन महिन्यांत पाने पिवळी पडून गळाली. उपटून पाहिले, तर मुळांचा लगदा झालेला.

मुलाला मात्र फोनवर "छान आहे रोप" असेच सांगितले.

तसेच दुसरे रोप आणायला गेलो, तेव्हा नर्सरीतल्या माळ्याने आमची चांगलीच शाळा घेतली. हे फॅलेनोप्सिस मूळचे फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या जंगलांतले, फांदीला धरून वाढणारे. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीही तशीच. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेते. (म्हणून कुणी घाटातून ती काढून आणू नये.) या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती नकोच, बाजूला भोके असलेली कुंडी, कोळसा, विटेचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. पूर्वेची खिडकी. मुळे हिरवी असतील तर ओल आहे. रुपेरी-पांढरी दिसली की पाणी द्यायचे, तेही पानांच्या बेचक्यात साचू न देता. बेळगावच्या पावसाळ्यात आम्ही कधी कधी दहा दिवस तांब्याला हात लावला नाही. हे सर्वांत जड गेले.

मुलाने चर्चला जाणे सोडल्याचे आम्हाला गेल्या वर्षी कळले. तेव्हापासून प्रत्येक फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला: "मिस्साला गेला होतास का?" पूर्वी अर्धा तास बोलणारा पोरगा "मीटिंग आहे" म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवू लागला. एका संध्याकाळी खिडकीशी मुळांचा रंग पाहता पाहता आम्ही एकमेकांकडे पाहिले. बोललो काहीच नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला माळी आठवतो ना? फळ न देणाऱ्या अंजिरासाठी त्याने धन्याकडे आणखी एक वर्ष मागितले. त्याने खत घातले हे खरे, पण ते अंजीर होते! पुढे त्याला फळ आले की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

डिसेंबरात रात्री गार झाल्या आणि पानांखालून एक हिरवे टोक निघाले. मूळच असेल म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केले. तो फुलांचा दांडा होता. मुलाला फोटो पाठवला. लगेच फोन आला: "आई, हे मी पाठवलेलं रोप नाही. त्याची पानं रुंद होती."

मग खरे सांगून टाकले. तो खूप हसला. कोळसा कुठून आणला, इथपर्यंत चौकशी करत चाळीस मिनिटे बोलला. मिस्साचा विषय आम्ही काढला नाही.

दांड्यावर आता पाच कळ्या आहेत.