बीड की पोलाद

मिरजेत आमचं भंगारचं दुकान होतं. लोखंड, बीड, पितळ, तांबं आणि जर्मन. अॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणत. अब्बा तुकडा फरशीवर आपटायचे आणि आवाजावरून माल ओळखायचे. बीड 'ठक्' करून गप्प बसतं, पोलाद बराच वेळ गुणगुणत राहतं. मला त्या आवाजाची लाज वाटायची. पुण्याला कॉलेजात वडील काय करतात असं कुणी विचारलं, की मी 'मेटलचा बिझनेस' म्हणून मोकळा व्हायचो.

तिथंच 2003 साली होस्टेलवरच्या मित्रानं एक सीडी दिली. पश्चिम बर्लिनच्या आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडची. नाव तोंडात बसायलाच दोन दिवस लागले. अर्थ, कोसळत्या नव्या इमारती. 'स्ट्रॅटेजीज अगेन्स्ट आर्किटेक्चर' हे त्यांच्या 1980 ते 1983 मधल्या कामाचं संकलन. इंडस्ट्रियल म्हणतात तसलं संगीत. पत्र्यावर दणके, ड्रिलची घरघर, मधूनच ब्लिक्सा बारगेल्डची गळा फाडून मारलेली किंकाळी. दहा मिनिटांत बंद केलं. हे ऐकायला का मी घर सोडून आलो?

पण वाचत गेलो. 1 एप्रिल 1980 ला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. खिशात पैसा नव्हता. बारगेल्ड हे घेतलेलं नाव, जर्मनमध्ये त्याचा अर्थ रोख रक्कम. याचं मला हसू आलं, आमचाही सगळा धंदा रोखीचाच. एन. यू. उनरूनं ड्रम विकून टाकले आणि भंगारातून वाद्यं उभी केली. त्याच वर्षी ते दोघं महामार्गाच्या एका पुलाच्या पोटात शिरले आणि तिथंच वाजवून ध्वनिमुद्रण केलं. 21 मे 1980 ला बर्लिनच्या काँग्रेस हॉलचं छप्पर खरोखरच कोसळलं, आणि बँडच्या नावाला भविष्यवाणीचं वजन आलं. या योगायोगाचं कौतुक होतं. त्या छपराखाली एक माणूस मेला, हे सांगायचं राहून जातं.

ईदच्या सुट्टीत गावी आलो, तेव्हा दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून सीडी लावली. अब्बा मागं कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"भंगार बजा रहे क्या रे ये लोगां?"

मी बंद करायला हात पुढं केला.

"रहने दे."

ते काट्याजवळ उकिडवे बसले. डोळे मिटून ऐकू लागले. "ये बीड नहीं. पोलाद है, लंबा. गर्डर-बिर्डर रहेगा." थोड्या वेळानं, "ये स्प्रिंग." किंकाळी आली तेव्हा फक्त कपाळाला आठी पडली. मी सांगितलं, 1984 मध्ये लंडनला यांच्यातल्या काहींनी ड्रिल घेऊन स्टेजच पोखरायला काढलं होतं.

"नुकसान किसने भरा?"

मला सांगता आलं नाही. मग त्यांनी तितक्याच साध्या आवाजात विचारलं, "तेरे दोस्तां को मालूम है, तेरा बाप क्या करता?"

सीडी फिरत होती. मी काट्याकडं बघत राहिलो. अब्बांनी पुढ्यातला एक तुकडा उचलला, फरशीवर आपटला, कान लावला आणि तो पोलादाच्या ढिगावर टाकला.

पुण्याला परत आल्यावर मित्रानं विचारलं, कशी वाटली? मी म्हणालो, माझ्या वडिलांना आवडली. ते भंगारवाले आहेत.