अक्कलदाढेची सावली

अक्कल येण्याच्या वयात जी उगवते ती अक्कलदाढ, असे म्हणतात. माझी खालची उजवी दाढ मात्र चाळिशी उलटली तरी जबड्यात आडवी पहुडलेलीच होती. गेल्या पावसाळ्यात तिने बंड पुकारले, गाल सुजला, आणि मी दंतवैद्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे किरण सोसावे लागले. माझे काम काही सेकंदांत उरकले. पडद्यावर दोन्ही जबडे उलगडून पसरलेले दिसले. दाढेच्या मुळांपाशी दोन पांढऱ्या रेघांमधून एक वाट गेली होती.

"ही मज्जातंतूची नळी," दंतवैद्य म्हणाले. "खालच्या ओठाची नि हनुवटीची जाणीव हिच्यातून जाते. इथे रेघ तुटली आहे, मूळही काळवंडलेले दिसते. म्हणजे दोघे फार जवळ असावेत. तंतू दुखावला तर ओठ बधिर होईल. बहुधा काही महिन्यांत जाणीव परतते. क्वचित परतत नाही."

मी हौसेने बासरी वाजवतो. ओठ हलेल, पण फुंकर कुठे पडते ते त्याला कळणार नाही, या विचारानेच माझ्या तोंडाला कोरड पडली.

सपाट चित्रात मूळ नि नळी एकमेकांना भिडलेली आहेत की नुसती मागेपुढे आहेत, ते उमगत नाही. म्हणून त्रिमितीय चित्र काढले. त्यात नळी मुळाच्या जिभेकडील बाजूला दिसली; मध्ये हाडाचा पापुद्राही नव्हता.

"चित्र तंतू वाचवीत नाही," ते म्हणाले, "निर्णय घ्यायला मदत करते." दाढेचा वरचा भाग कापून मुळे तशीच ठेवायची, असा दुसरा मार्ग होता. त्यात धोका कमी. पण मुळे पुढे वर सरकली तर पुन्हा शस्त्रक्रिया. मी तोच पत्करला.

शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिरच होता. तो इंजेक्शनाचा अंमल की कायमचे नुकसान, हे त्या घटकेला कोणते चित्र सांगणार? संध्याकाळी मी बासरी घेतली. फुंकायला मनाई होती. नुसतीच ओठाला लावली. बराच वेळाने बांबूची गार कड किंचित टोचली. इतक्या सुखाचे टोचणे मी पूर्वी कधी अनुभवले नव्हते.