आधी अंदाज, मग कोनमापक

कंपासपेटीतील कोनमापकावर अंकांच्या दोन ओळी असतात. एक डावीकडून वाढत जाते, दुसरी उजवीकडून. पाचवी-सहावीतील विद्यार्थी ६० अंशांचा कोन मोजतो आणि वहीत निःशंकपणे १२० लिहितो. समोरची आकृती काटकोनाहून उघडच लहान असते. परंतु त्याचा विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर नसून छापील अंकावर असतो. गणितातील ही चूक किरकोळ मानली जाते. वस्तुतः ती किरकोळ नाही, कारण साधनापुढे बुद्धी गहाण टाकण्याची सवय येथेच जडते. मोजण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवण्याची शिस्त लावली, तर तोच विद्यार्थी १२० पाहून स्वतःच थबकतो.

अंदाजाला आधार लागतो, आणि पहिला आधार काटकोनाचा. कसाही फाटलेला कागद घ्यावा, एक घडी घालावी आणि घडीची कड तिच्याच वर आणून दुसरी घालावी. कोपऱ्यात ९० अंश तयार. आणखी एक घडी घातली की ४५. गवंडी पायाची आखणी करताना तीन, चार आणि पाच फुटांच्या दोरीने हाच कोन साधतो आणि भिंत गुण्यात आहे की नाही, हे पुष्कळदा नजरेनेच ओळखतो.

भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला, असेही मुलांना वाटते. कोन म्हणजे आकृती नव्हे, वळण आहे, हे त्यांना उमगलेले नसते. मंदिरात तांदळाने रेखलेले स्वस्तिक येथे उत्तम शिक्षक ठरते. ते पाव फेरा फिरवले की स्वतःशीच जुळते. चार वेळा फिरवले की ३६० अंश पूर्ण. आरशातले स्वस्तिक मात्र कितीही फिरवले तरी मूळ स्वस्तिकावर बसत नाही. चौकोनी गाभाऱ्याला तीन प्रदक्षिणा घालणारे मूल बारा काटकोन वळते, म्हणजे १०८० अंश, आणि पुन्हा देवासमोर त्याच दिशेला तोंड करून उभे राहते.

सेलू साडेएकोणीस उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. २२ डिसेंबरला दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तेथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि एक मीटर काठीची सावली ९३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. सावली काठीएवढी झाली की कोन ४५. मे महिन्यात, १८ तारखेच्या सुमारास, तीच सावली पायाशी नाहीशी होते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’चे शेवटचे प्रकरण सावलीच्या गणितालाच दिले होते.

रात्री हात ताठ पसरून मूठ डोळ्यांसमोर धरली की ती सुमारे दहा अंश व्यापते. मुलाची मूठ लहान, तसा हातही आखूड. म्हणून हिशोब बिघडत नाही. सेलूच्या गच्चीवरून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी उंच दिसतो. गावावरून जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसने अमृतसर गाठलेल्या मुलाला तोच तारा तीन मुठींहून थोडा वर सापडेल.