मलाक्काच्या दस्तरख्वानावर

कोकणातल्या मुस्लिम घरात चिंबोऱ्यांचं कालवण झालं की जेवण तासभर लांबतं. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात मात्र चिंबोरी म्हणजे काय, हेच पुष्कळांना समजावून सांगावं लागतं. समुद्र लांब आहे, हे एकच त्याचं कारण नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी मासळी तेवढी हलाल. खेकडा, तिसऱ्या, कालवं वर्ज्य. कोळंबीबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, पण तिला मासळीत धरून आपल्याकडचे पुष्कळ हनफी ती खातात. शाफईंकडे समुद्राचं दार बरंच मोकळं. आमच्या घरात हे दोन्ही मसलक नांदतात. आमच्यापैकी एकाचं माहेर श्रीवर्धनकडचं, दुसऱ्याचं घर जालन्याचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि या एकोणीस वर्षांत जालन्याच्या चुलीवर खेकडा चढलेला नाही. कुणी मनाई केली नव्हती. अम्मींसमोर ते पातेलं ठेवावंसं वाटलं नाही, एवढंच.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत अम्मींना घेऊन आम्ही मलेशियाला गेलो. आमच्या एका नातेवाइकाची तिथे नोकरी आहे. क्वालालंपूरहून मोटारीने दोन तासांवर मलाक्का. पंधराव्या शतकात इथे मुस्लिम सुलतानांचं राज्य होतं, बंदरात गुजराती, अरब, चिनी व्यापाऱ्यांची गर्दी असे. १५११ साली पोर्तुगीजांनी ते जिंकलं. ज्या समुद्री वाटांनी शाफई मसलक कोकण-मलबारच्या किनाऱ्यावर आला, त्याच वाटांनी तो पुढे मलायातही पोहोचला. त्यामुळे आमच्यातल्या कोकणवाल्यांना मलाक्कात उतरल्या उतरल्या माहेरच्या मोहल्ल्यात आल्यासारखं वाटलं. तीच नारळाची झाडं, तोच सुकटीचा वास.

शहराबाहेर थोड्या अंतरावर उंबाई नावाचं गाव आहे. तिथे समुद्राच्या कडेला मलाय मुसलमानांची मासळी भाजून देणारी दुकानं रांगेने आहेत. बर्फावर मांडलेली मासळी आपण निवडायची, ती तोलून घ्यायची आणि भाव आधीच विचारून घ्यायचा. नाहीतर बिल आल्यावर चेहरे पाहण्यासारखे होतात. केळीच्या पानात भाजलेला मासा, चिंचेच्या आंबट पाण्याची चटणी, पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात. शिंपल्यांना तिथे ‘केरांग’ म्हणतात. ते नुसते निखाऱ्यावर ठेवतात आणि तोंड उघडलं की चटणीत बुडवून खातात. शिजल्यावरही जो शिंपला उघडत नाही तो बोटांनी ओढून उघडायचा नसतो, बाजूला ठेवायचा. ही नुसती रीत नाही. शिंपला पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यातली घाणही त्याच्यात साठते. १९८८ साली चीनमधल्या शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपले खाल्ल्याने सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली होती.

दुकानात अम्मींनी मासा खाल्ला, प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो दुसऱ्या दिवशी, आमच्या नातेवाइकाच्या शेजाऱ्यांकडे दावत होती तेव्हा.

मलाय घरात यजमानीणबाईंना ‘मकचिक’ म्हणायचं, म्हणजे आपल्याकडची खाला किंवा चाची. नावाने हाक मारायची नाही. चपला बाहेर, सलाम, आणि मग जमिनीवर अंथरलेल्या चटईवर बैठक. जेवणाआधी ‘केंदी’ फिरते. हा चोच असलेला पाण्याचा तांब्या, खाली पाणी झेलायला भांडं. आधी वडीलधाऱ्यांचे हात धुतले जातात. आपल्याकडच्या जुन्या घरांतली तस्त आणि लोटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना काही नवं शिकावं लागत नाही. मकचिक ‘जेम्पुत माकान’ म्हणाल्या, म्हणजे ‘या, जेवा’. त्याआधी कुणी घास घेत नाही.

मधोमध मोठ्या थाळीत खेकडे होते, नारळाच्या दुधात आणि हिरव्या मिरचीत शिजवलेले, हळदीने पिवळेधमक. बाजूला ‘सिपुत सदुत’. हे कांदळवनातल्या चिखलातले निमुळते शंख. टोक आधीच तोडलेलं असतं. शंख ओठांना लावून जोरात ओढला की आतला गर तोंडात येतो. ‘सदुत’चा अर्थच ओढणं. आवाज होतोच. वर्गातल्या मुलांना डबा खाताना मचमच करू नका असं आम्ही वर्षभर सांगतो. इथे आवाज न करता शंख खाणाऱ्याला मात्र तो जमत नाही असंच समजतात.

खेकडा खायची त्यांची रीत अशी. उजव्या हातानेच खायचं. डावा हात फोडायला, धरायला मदत करतो, पण घास उजव्यानेच तोंडात जातो. आपल्या बाजूचा तुकडा उचलायचा, थाळीत चाळवाचाळव करून मोठी नांगी शोधायची नाही. कवचं परत थाळीत टाकायची नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं भांडं असतं. उजवा हात रश्शाने माखलेला असतो, म्हणून डाव डाव्या हाताने धरतात, पण उजव्या हाताची मागची बाजू त्याला टेकवतात. डाव्या हाताने दिल्याचा बेअदबीपणा त्याने टळतो. कुणी बोलून दाखवलं नाही, पण बघत बसलं तर सगळं दिसतं.

आता अम्मी. वय एकाहत्तर, आयुष्यभराचा हनफी शिरस्ता, समोर परक्या मुलखातल्या बाईने पहाटे उठून बाजारातून आणलेले खेकडे. मकचिकनी सर्वांत मोठा तुकडा अम्मींच्याच ताटात वाढायला उचलला. नको म्हणावं तर मेजवान दुखावणार, घ्यावं तर मसलक. आमच्यातला जालनेकर हळूच म्हणाला, ‘अम्मी हनफी आहेत.’ मकचिकना हा शब्द पुरेसा होता. त्या हसल्या, तुकडा मागे घेतला आणि भाजलेला मासा पुढे सरकवला. चेहऱ्यावर नाराजी नाही, आग्रह नाही, ‘एवढंसं खाल्लं तर काय होतं’ नाही. हे शेवटचं वाक्य आपल्या दावतींमधून कायमचं हद्दपार झालं पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यांची सून सारावाकची, म्हणजे बोर्निओ बेटावरची. तिने तिकडची रीत सांगितली. पुढे आलेलं अन्न खायचं नसेल तर निदान ताटाच्या कडेला बोट लावायचं. नाहीतर ‘केंपुनान’ होतं, वाटेत काही अपघात घडतो असं जुने लोक मानतात. अपघाताचं आम्ही काही मानत नाही. पण कडेला बोट लावून ‘तुमचं देणं पोहोचलं’ असं सांगायची पद्धत आवडली.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी कधी कुठल्या अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाहीतर सोडून दिलं, हे हदीसमध्ये आहे. घोरपडीसारख्या एका प्राण्याचं मांस समोर आलं तेव्हा त्यांनी स्वतः खाल्लं नाही, आमच्या भागात हे नसतं म्हणून मन होत नाही असं सांगितलं, आणि त्याच दस्तरख्वानावर हजरत खालिद बिन वलीद यांनी ते खाल्लं. मकचिकच्या नवऱ्याने हीच हदीस मोडक्या इंग्रजीत सांगितली. पुढे म्हणाले, खेकड्याचा वाद शाफईंमध्येही होताच. पाणी आणि जमीन दोन्हीकडे जगणारा जीव शाफई फिकहमध्ये वर्ज्य, आणि चिखलातला खेकडा तर बाहेर फिरताना दिसतो. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २००२ साली जाणकारांकडून माहिती घेऊन ठरवलं की तो पाण्यातलाच जीव आहे, म्हणून हलाल.

एवढं सगळं होईपर्यंत आमच्यातल्या श्रीवर्धनकरणीच्या ताटातला तुकडा तसाच होता. अम्मींच्या शेजारी बसून खायचा कसा? अम्मींनी ते पाहिलं. खेकड्याची थाळी त्यांनी स्वतः उचलली नाही, पण कवचांचं रिकामं भांडं सुनेच्या पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, ‘खाओ बेटी, ठंडा हो रहा है.’

मग ते जेवण तासभर लांबलं. नांगी दाताने फोडायची की बत्त्याने, यावर मकचिक आणि आमच्या कोकणवालीत हातवाऱ्यांनी चर्चा झाली. भाषा दोघींना एक नव्हती, पण अडलं नाही. शेवटी केंदी पुन्हा फिरली. पाण्यात लिंबाच्या फोडी होत्या. ते हात धुण्यासाठी, पिण्यासाठी नाही, हे नव्या पाहुण्यांनी ध्यानात ठेवावं. हळद लगेच जात नाही, नखांत दोन दिवस राहते.

हॉटेलकडे परतताना गाडीत अम्मींनी एकच विचारलं, ‘तुझ्या माहेरी पण हे नारळाच्या दुधातच करतात का?’